हिमगौरीने केलेलं सूप गेलं कुठे?

हिमगौरी आणि सात बुटक्यांचा सिनेमा पाहिलाय ना? मग सांगा बरं, हिमगौरी बुटक्यांच्या घरी आली त्या रात्री ते सातजण काय जेवले?

‘सूप!’ असं ज्यांनी झटकन सांगितलं त्यांना अर्धे मार्क. सूप विस्तवावर चढलेलं असतं, हे खरं. ते उतू जाईल म्हणून हिमगौरी जिन्यावरून धावत खालीही येते. मग ती बुटक्यांना हात पुढे करायला लावते आणि खाणीतल्या मातीने बरबटलेले ते पंजे बघून फर्मान काढते, आधी हात-तोंड धुऊन या, मगच जेवण! बुटके बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जातात आणि तिथे त्यांची अशी त्रेधा उडते की विचारू नका. ग्रम्पी, म्हणजे तो सदा फुरंगटलेला बुटका, पाण्याला हात लावायला तयार नसतो. बाकीचे त्याची उचलबांगडी करतात आणि त्याला चांगला बुचकळून काढतात. तेवढ्यात आतून जेवायची हाक येते. झालं, ग्रम्पीला तिथेच टाकून सगळे घराकडे पळत सुटतात.

आणि पुढच्या क्षणी आपण दुष्ट राणीच्या महालात! जादूचा आरसा तिला सांगतो की तुझ्या हातातल्या पेटीत हिमगौरीचं नाही, डुकराचं काळीज आहे. राणी खवळते, तळघरात उतरते, काढा पिऊन म्हातारी होते. आपण पुन्हा झोपडीत येतो तेव्हा तिथे गाणं-बजावणं आणि नाच रंगात आलेला असतो. सूप गायब. कुणी एक घोटसुद्धा प्यायलेलं आपण पाहिलेलं नाही.

त्याहून मोठी भानगड साबणाची आहे. हात-तोंड धुताना डोपी, म्हणजे दाढी नसलेला, एक शब्दही न बोलणारा तो सगळ्यांत धाकटा वाटणारा बुटका, निसटलेल्या साबणाच्या वडीमागे धावतो आणि ती गिळून टाकतो. मग उचकी लागली की त्याच्या तोंडातून बुडबुडे निघतात. पुढे? पुढे काहीच नाही. थोड्याच वेळाने डोपी मजेत नाचत असतो. पोटातल्या साबणाची ना त्याला आठवण, ना सिनेमावाल्यांना.

हा सिनेमा वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने बनवला आणि २१ डिसेंबर १९३७ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात तो पहिल्यांदा दाखवला गेला. आता असं वाटेल की इतक्या नावाजलेल्या लोकांना साधं सूप लक्षात राहू नये? तर तसं नाही. सूप त्यांच्या चांगलं लक्षात होतं. सूप पिण्याचा अख्खा प्रसंग काढून तयार होता. वॉर्ड किम्बॉल नावाच्या तरुण चित्रकाराने कित्येक महिने खपून तो केला होता. बुटके फुर्रर्र, सुर्रर्र आवाज करत सूप ओरपतात, हिमगौरी त्यांना नीट कसं प्यायचं ते शिकवते, आणि आपला डोपी या खेपेला चमचाच गिळतो. पेन्सिलीने काढलेली सगळी चित्रं हलू-बोलू लागली होती, फक्त रंग भरायचे राहिले होते. पण वॉल्टना वाटलं की गोष्ट इथे रेंगाळते आहे. राणी निघाली पाहिजे, सफरचंद आलं पाहिजे. म्हणून त्यांनी तो प्रसंग कापला. बुटके हिमगौरीसाठी पलंग तयार करतात, तोही एक प्रसंग असाच गेला.

किम्बॉल इतका खट्टू झाला की नोकरी सोडायच्या विचारात होता. वॉल्टनी त्याला बोलावून पुढच्या सिनेमातलं एक पात्र त्याच्या हवाली केलं. ‘पिनोकिओ’मधला तो टोपीवाला शहाणा रातकिडा, जिमिनी क्रिकेट, तो हाच. सूपाची पेन्सिलचित्रं मात्र जपून ठेवलेली होती आणि पुढे लोकांना ती बघायलाही मिळाली.

म्हणजे सिनेमातली प्रत्येक चूक ही वेंधळेपणाची नसते. कधी मधला तुकडा काढलेला असतो, त्याची शिवण तेवढी आपल्याला दिसते. मला तर अशा शिवणी शोधायला फार आवडतं, कारण त्यांच्यातून आत डोकावलं की सिनेमा कसा बनला ते दिसतं.

चला तर, डोकावू या. थोडं गणित करा. सिनेमा ८३ मिनिटांचा. पडद्यावर दर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. ८३ गुणिले ६० गुणिले २४. उत्तर येतं १,१९,५२०. एवढी चित्रं पडद्यावरून सरकतात! एका चित्रात आणि पुढच्या चित्रात केसभराचा फरक असतो, पण ती भराभर दाखवली की आपला मेंदू मधल्या जागा स्वतःच भरून काढतो आणि आपल्याला सलग हालचाल दिसते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ही गंमत त्याच्याही २५ वर्षं आधी करून पाहिली होती. त्यांनी वाटाणा पेरला आणि रोप वाढत असताना थोड्या थोड्या वेळाने त्याची एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता सरसर वर आलं. पुढे त्यांनी आगकाड्याही अशाच नाचवल्या.

फाळक्यांकडे खराखुरा वाटाणा होता. हिमगौरी तर कुठे नव्हतीच, तिला प्रत्येक वेळी नव्याने काढावं लागणार. आधी मुख्य चित्रकार पेन्सिलीने महत्त्वाच्या हालचाली काढायचा. मधल्या हालचाली त्याचे मदतनीस भरायचे. मग ते चित्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं, आणि कागद उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचे, म्हणजे पुढच्या रेषा स्वच्छ राहतात. या कागदाला म्हणायचं सेल. जंगल, झोपडी, जिना हे सगळं वेगळ्या कागदावर आधीच रंगवलेलं. त्याच्यावर सेल ठेवायचा, फोटो काढायचा. तो उचलायचा, दुसरा ठेवायचा, फोटो काढायचा. हिमगौरी एका सेलवर, बुटका दुसऱ्यावर, हरीण तिसऱ्यावर असं असेल तर एका फोटोसाठी तीन सेल एकावर एक. हे सगळं शेकडो माणसांनी तीन वर्षं केलं. सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने बनत नव्हता. कुणी खाणीचा प्रसंग करतोय, कुणी जंगलाचा, कुणी शेवट आधीच संपवून बसलाय.

आता कल्पना करा, एकच पात्र वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली वेगवेगळी माणसं काढताहेत. नाक थोडं लांब, गाल थोडे फुगीर व्हायला कितीसा वेळ? त्यासाठी प्रत्येक पात्राचं एक नमुनाचित्र ठरवून सगळ्यांना वाटलेलं असे. कोणता बुटका कुणाच्या खांद्याला लागतो, कुणाचं नाक किती मोठं, सगळं त्यात. तरी हिमगौरीवरून दोन मोठ्या चित्रकारांचं पटेना. हॅम लस्क यांना ती भोळी, लहान मुलगी वाटे. ग्रिम नॅटविक यांना ती जराशी मोठी, समजूतदार हवी होती. दोघांच्याही हातची हिमगौरी सिनेमात आहे. बारकाईने पाहिलंत तर काही प्रसंगांत तिचा चेहरा किंचित वेगळा वाटेल.

आणि तिचे गाल! रंग भरून झाल्यावर ती फिकी, आजारी दिसायला लागली. नुसता गुलाबी ठिपका दिला तर विदूषकासारखी. मग शाई आणि रंगाच्या विभागातल्या बायकांनी यावर तोड काढली. (या विभागात जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या, शंभराहून अधिक, आणि त्यांची नावं सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाहीत. ही मात्र मला खरोखरची चूक वाटते.) त्यांनी सेलवर गालांच्या जागी हलक्या हाताने लाली लावली. ऐकायला सोपं वाटतं. पण एका सेलवर लाली जरा वर, पुढच्यावर जरा खाली लागली तर पडद्यावर हिमगौरीचे गाल लुकलुकायला लागणार. प्रत्येक सेलवर ती त्याच जागी, तेवढीच लागली पाहिजे. त्यांनी ती लावली. तुम्ही सिनेमा थांबवून, पुढे-मागे करून बघा, गाल शांत आहेत.

राजपुत्र मात्र शांत नाही! तो थरथरतो. शेवटाकडे, काचेच्या पेटीतल्या हिमगौरीजवळ तो येतो तिथे त्याच्या हालचालीला बारीकसा कंप होता. चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसावीत म्हणून कागदाला आणि सेलला खाली भोकं पाडलेली असतात आणि ती खुंट्यांत अडकवतात. एवढं करूनही एका चित्रातून दुसऱ्यात जाताना रेघ जरा इकडेतिकडे झाली तर पडद्यावर आकृती कापायला लागते. वॉल्टना ते प्रसंग नव्याने करून घ्यायचे होते. पण पैशांचा हिशेब त्यांचे थोरले भाऊ रॉय बघायचे. सिनेमाचा खर्च तोवर १५ लाख डॉलरच्या घरात गेला होता, बँकेचं कर्ज डोक्यावर होतं, आणि हॉलिवूडमध्ये लोक या खटाटोपाला ‘डिस्नेचा खुळेपणा’ म्हणून हसत होते. रॉयनी सरळ सांगून टाकलं की राजपुत्र थरथरत असेल तर थरथरू दे, आणखी पैसे नाहीत. तसाच थरथरता राजपुत्र थिएटरात गेला आणि लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला.

तसाही हा राजपुत्र सिनेमात जेमतेम दिसतो. सुरुवातीला विहिरीपाशी एकदा आणि एकदम शेवटी. मधल्या काळात तो होता कुठे? मूळ बेतात राणी त्याला तळघरात कोंडते असा मोठा भाग होता. पण खऱ्या माणसासारखा पुरुष चितारणं चित्रकारांना फार जड जात होतं. बुटका थोडा वाकडा आला तरी कुणाला कळत नाही, राजपुत्र वाकडा आला की लगेच कळतं. म्हणून त्याची कामं कापत कापत इतकी उरली. त्याने हिमगौरीला किती शोधलं ते पडद्यावर चार ओळी लिहून सांगितलंय, झालं.

आता तुम्ही विचाराल, आम्ही हा सिनेमा कितीदा पाहिला, मग आम्हाला सूप का नाही आठवलं? यात तुमचा दोष नाही. तुमच्या मेंदूचा आहे, आणि माझ्याही. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये यावर एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक छोटीशी फिल्म बनवली. दोन बायका टेबलाशी गप्पा मारताहेत. कॅमेरा एकीवरून दुसरीवर गेला की मुद्दाम काहीतरी बदललेलं. गळ्यातला स्कार्फ नाहीसा, टेबलावरच्या बशांचा रंग वेगळा. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच पत्ता लागला नाही! पुढच्या वर्षी तर त्यांनी कमालच केली. रस्त्यात एक माणूस कुणालातरी पत्ता विचारतोय, तेवढ्यात दोघांच्या मधून एक भलंमोठं दार वाहून नेणारे लोक जातात. दार पुढे गेल्यावर पत्ता विचारणारा माणूसच बदललेला. वेगळे कपडे, वेगळा आवाज. तरी १५ पैकी ८ जण त्या नव्या माणसाला निवांत पत्ता सांगत राहिले.

शास्त्रज्ञ याला चेंज ब्लाइंडनेस म्हणतात. आपला मेंदू समोरचं सगळं साठवत बसत नाही. कोण काय करतंय, कुणाला धोका आहे, एवढं धरून ठेवतो आणि बशा सोडून देतो. राणी विषारी सफरचंद घेऊन निघाली असताना सूप कोण आठवणार? वॉल्टनी नेमका याच भरवशावर तो प्रसंग उडवला असणार, असा माझा कयास.

काही चुका मात्र लपून राहायला नको होत्या. बुटक्यांची खाण घ्या. भिंतीत कुदळ मारली की लखलखणारे, पैलू पाडलेले हिरे-माणकं बाहेर! खाणीत असा हिरा कधीच मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या खाणीतून निघणारा कच्चा हिरा पाहिलात तर तो तुरटीच्या खड्यासारखा मळकट दिसतो. त्याला ठरावीक कोनांत घासून पैलू पाडले की आत शिरलेला प्रकाश आतल्या आत उसळून परत बाहेर येतो, तेव्हा कुठे तो चमकतो. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडायचं काम आपल्या शेजारच्या सुरतेत होतं. शिवाय हिरा आणि माणिक एकाच भिंतीतून निघणं अवघडच. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. तो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतो आणि ज्वालामुखीच्या एका खास खडकातून वर येतो. माणिक म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, त्यात क्रोमियम मिसळल्यामुळे लाल झालेलं. त्याचे खडक वेगळे. आणि एवढी दौलत तिजोरीत टाकून, दाराला कुलूप लावून डोपी किल्ली कुठे ठेवतो माहितीय? दाराशेजारच्या खुंटीवर. ही चूक नाही हं, हा विनोद आहे, आणि सिनेमातला मला सगळ्यात आवडणारा.

जंगलातली जनावरंही जरा तपासून पाहा. गोष्ट जर्मनीची. ग्रिम बंधू कासेल शहरात राहायचे, त्यांचं परीकथांचं पुस्तक १८१२ मध्ये निघालं. झोपडी, पलंग, खुर्च्या सगळं युरोपातलं वाटावं म्हणून डिस्नेंनी खास युरोपात जन्मलेल्या चित्रकारांकडून ते काढून घेतलं. पण हिमगौरीला घर झाडायला मदत करायला कोण येतं? रॅकून आणि चिपमंक! रॅकून अमेरिकेतला. चिपमंकच्या एक सोडून सगळ्या जाती उत्तर अमेरिकेतल्या. चित्रकारांनी खिडकीबाहेरची जनावरं काढली, दुसरं काय.

पण थांबा, इथे एक गंमत झाली आहे. १९३४ मध्ये, म्हणजे हा सिनेमा बनत असतानाच, जर्मनीत एडरझे नावाच्या तलावाकाठी कुणीतरी रॅकूनच्या दोन जोड्या मुद्दाम जंगलात सोडल्या. त्यांची पिलावळ इतकी वाढली की आज जर्मनीत लाखो रॅकून आहेत आणि ते लोकांच्या पोटमाळ्यांवर धुमाकूळ घालतात. हा तलाव आहे ग्रिम बंधूंच्या कासेलजवळच! त्यामुळे आज तिथल्या जंगलात हिमगौरी वाट चुकली तर तिला खरंच रॅकून भेटेल.

डोपीची चाल पाहिलीय? सगळे रांगेत चालत असताना हा मधेच एक छोटी उडी मारून पाय जुळवून घेतो. फ्रँक थॉमस या चित्रकाराने ते एका प्रसंगात सहज केलं. वॉल्टना ते इतकं आवडलं की डोपी दिसेल तिथे ती उडी घाला असं त्यांनी सांगितलं. बाकीच्या चित्रकारांनी बराच काळ थॉमसच्या नावाने बोटं मोडली, कारण ती उडी काढायला महाकठीण.

आणि हिमगौरीचा नाच? त्यासाठी मार्ज बेल्चर नावाच्या एका मुलीला तसा झगा घालून खरोखर नाचायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि ते बघून बघून चित्रं काढली. तो नाच पुढे आणखी एकदा कामाला आला. १९७३ मध्ये डिस्ने स्टुडिओने ‘रॉबिन हूड’ काढला. त्यात सगळी पात्रं प्राण्यांची आणि मेरियन ही कोल्हीण. वेळ आणि पैसा वाचवायला चित्रकारांनी हिमगौरीची ३६ वर्षांपूर्वीची चित्रं बाहेर काढली आणि तिच्यावरूनच कोल्हिणीला नाचवलं. दोन्ही नाच शेजारी शेजारी लावून पाहा. तोच हात, तीच गिरकी, फक्त एकीला शेपूट आहे.

१९९३ मध्ये या सिनेमाच्या सगळ्या चौकटी संगणकात घेऊन त्यांच्यावरची धूळ आणि ओरखडे पुसून काढले. धूळ पुसली ते छानच झालं. पण कुणी उद्या सूपही परत घालायला निघालं तर मी विरोध करीन. आता ते हरवलेलंच बरं.

पुढच्या वेळी पाहाल तेव्हा एक काम करा. त्या जनावरांच्या घोळक्यात एक कासव आहे, सगळ्यांच्या मागून धापा टाकत येणारं. त्याच्यावरची नजर काढू नका. ते जिना चढायला कुठे लागतं, कुठे घसरतं आणि सगळे पुढे पळाले की ते काय करतं, ते वहीत लिहा. आणि कुठे ते एका क्षणी इथे आणि दुसऱ्या क्षणी भलतीकडे सापडलं, तर आम्हाला जरूर कळवा.